घारींचं वेळापत्रक

दिवाळी अंकात माझ्यासारख्यानं लिहावं, हाच मुळात विनोद आहे. लोक वर्षातून चार दिवस स्वतःच्या खिशातून फटाके वाजवतात, मी नोकरीभर सरकारी खर्चानं रोज वाजवले. दिवाळीत सुट्टी मिळाली की मला कानात कापूस घालून झोपावंसं वाटायचं. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. बापानं भरायचं आणि पोरानं उडवायचं, असं आमची आई म्हणायची. तिला दोन्ही कामं पसंत नव्हती.

माझं काम होतं लोहगावच्या धावपट्टीवरून पक्षी हाकण्याचं. लग्नाच्या वेळी बायकोच्या मामांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "हवाई दलात आहे." ते खोटं नव्हतं. मी तिथला मुलकी नोकर होतो, अंगावर गणवेश नाही, हातात मात्र बारा बोअरची बंदूक. मामांनी फार खोलात विचारलं नाही म्हणून जमलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणेकर ज्याला आपला विमानतळ म्हणतो आणि ज्याच्या पार्किंगला रोज नावं ठेवतो, तो मुळात लष्करी तळ. महायुद्धाच्या धामधुमीत लोहगावच्या माळावर ही धावपट्टी झाली आणि पुढं ती हवाई दलाची झाली. प्रवाशांची विमानं तिथं पाहुणी म्हणून आली. मी लागलो तेव्हा ती इतकी थोडी होती की नुसत्या आवाजावरून आम्ही कुठलं ते सांगायचो. टर्मिनल म्हणजे एसटी स्टँडचाच जरा बरे कपडे घातलेला भाऊ. मग हिंजवडीत कंपन्या आल्या, तिथल्या पोरांना सोमवारी सकाळी बंगळुरूला आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचायचं असायचं. पाहुणा एका रात्रीसाठी आला आणि बघता बघता त्यानं अख्खा हॉल व्यापला. घर मात्र आजही हवाई दलाचंच आहे. धावपट्टी त्यांची, टॉवर त्यांचा. त्यांच्या लढाऊ विमानांचा सराव चालू असला की पाहुण्यानं थांबायचं. तिथं तर विमान चढता-उतरताना खिडक्यांचे पडदे खाली ओढायला लावतात. त्यावरही एखादे काका म्हणतातच, "मग खिडकीची सीट दिली कशाला?"

पक्ष्यांचं असं आहे की त्यांना लष्करी आणि मुलकी यातलं काही कळत नाही. विमान उतरत असताना एखादी घार समोर आली तर तिचा तोफगोळा होतो. नाकावर बसली तर पोचा, इंजिनात गेली तर देवाची करणी. म्हणून आम्ही जिप्सीतून धावपट्टीच्या कडेनं फिरायचो. गवत फार वाढलं की उंदीर होतात, उंदीर झाले की ससाणे येतात. फार कापलं की टिटव्या खूश, त्यांना मोकळं रान लागतं. पाऊस पडला की गांडुळं वर येतात आणि बगळ्यांची पंगत बसते. आम्ही फटाके उडवायचो, हवेत बार काढायचो. गॅसवर चालणारी एक तोफ होती, ती आपोआप धडाम करायची. पहिले काही दिवस पक्षी घाबरले. मग एके सकाळी पाहतो तर एक कोतवाल पक्षी त्या तोफेच्याच नळीवर बसलेला. तोफ वाजायची वेळ झाली की तो अलगद उडायचा आणि वाजून झाली की परत येऊन बसायचा.

माणसांच्या तऱ्हा याहून न्याऱ्या. भिंतीलगतच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ तक्रार घेऊन फाटकावर आले. म्हणाले, "आपल्या फटाक्यांनी आमचं डोकं उठतं." मी म्हटलं, "अहो, दिवसभर डोक्यावरून लढाऊ विमानं जातात, त्यांचं काही नाही?" तर म्हणाले, "त्यांचं ठीक आहे, ते देशासाठी असतं. आपण कशासाठी वाजवता?" मी सांगितलं, कावळ्यांसाठी. तर ते म्हणाले, "मग कावळ्यांना सांगून बघितलंत का?"

पण आज सांगायची आहे ती गोष्ट हमीदाभाभीची.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं चालू होती. एका मोसमात धावपट्टीच्या पश्चिम टोकाला घारी जमायला लागल्या. घार आम्हाला नवी नव्हती. कुठं कचरा पडला, मटणाच्या दुकानदारानं आतडी नाल्यात टाकली, की घारी येतातच. पण अशा घारी रोज येतात, ठरावीक वेळी येतात. ह्या घारी कधी सकाळी यायच्या, कधी भर दुपारी, कधी तीन-चार दिवस फिरकायच्याच नाहीत. आमचा जिप्सीचा चालक काळभोर, लोणीकडचा माणूस, सगळ्या गोष्टींवर त्याचं एक मत असायचं. तो गाडीला लिंबू-मिरची बांधायचा, कारण त्याच्या मते फटाक्यांपेक्षा तिचाच उपयोग जास्त. एके दिवशी तो म्हणाला, "शेखसाहेब, ह्या घारी एकाच कंपनीच्या इमानाला येत्यात."

मी हसलो. पण मग लक्ष ठेवायला लागलो, तर बाबा खरं बोलत होता. सगळ्या फेऱ्यांना नाही, पण जेव्हा येतील तेव्हा त्याच कंपनीचं विमान येण्याआधी किंवा सुटण्याआधी. घार हुशार असते, पण तिकीट काढण्याइतकी नाही. म्हणजे कुणीतरी माणूस त्यांना बोलावत होता.

मी आणि काळभोर भिंतीबाहेर गेलो आणि घारी जिथं गोल फिरत होत्या तिथवर पोचलो. चिंचोळी गल्ली, दोन मजली घर, खाली पाटी: 'साडीला फॉल-पिको करून मिळेल'. गच्चीवर एक साठीची बाई उभी होती. ती हातातल्या पातेल्यातून मांसाचे तुकडे वर उडवत होती आणि घारी ते हवेतच झेलत होत्या. तेवढ्यात ते विमान डोक्यावरून गेलं, इतकं खाली की त्याची चाकं दिसत होती. बाईनं पातेलं खाली ठेवलं आणि विमानाकडं बघून दोन्ही हात हलवले.

मला सगळं कळलं. काळभोरला मी गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं.

आमच्यात सदका म्हणून एक असतं. घरातल्या माणसावरचं संकट टळावं म्हणून गोरगरिबाला किंवा मुक्या जिवाला काही द्यायचं. काही घरांत मांस त्या माणसाच्या नावानं घारी-कावळ्यांना घालतात. समज असा, की पाखरू तो तुकडा नेतं आणि त्यासोबत बलाही घेऊन जातं. माझी आजीही घालायची. तुमच्यात मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, त्यातलाच प्रकार म्हणा.

मी वर गेलो, विमानतळावर काम करतो एवढंच सांगितलं. तिनं चहा टाकला. हमीदाबी मूळची शिरूरकडची, नवरा वारल्यावर शिलाई मशीनवर संसार ओढलेला. मुलगी शिफा त्या कंपनीत हवाई सुंदरी होती. नातेवाइकांनी नावं ठेवली, मोठ्या दिरानं बोलणं टाकलं, तरी हिनं पोरीला पाठवलं.

"पाठवली खरी, शेखभाई," ती म्हणाली, "पर माजा जीव हितं ऱ्हात न्हाई. ती निगताना फोन करती, 'अम्मी, निगाले' म्हून. तवापासनं ती खाली उतरस्तोवर मशीनीवर बसवत न्हाई. मग मी सदका काडते. एक डाव घातला की जीव शांत हुतो बगा."

मग तिनं मला विचारलं, "मी हात हलवते, ते तिला दिसत आसंल का वो?"

विमान उतरताना शिफा कुठं बसलेली असते, ते मला माहीत होतं. दाराशी, पाठ टेकून, पट्टा बांधून. आणि सगळ्या प्रवाशांना खिडकीचे पडदे ओढून घ्या असं माइकवरून सांगणारी तीच. त्या विमानातून भाभी कुणालाच दिसत नव्हती. मी म्हटलं, "दिसत असेल की."

खरं सांगायला गेलो होतो, पण जीभ रेटेना. ज्या बाईनं पोरीच्या जिवासाठी दर फेरीला खाटकाच्या दुकानात रांग लावली, तिला कसं सांगायचं, की बाई, तुझ्या पोरीच्या विमानासमोर घारी तूच गोळा करतेस? मी आडून आडून सांगितलं. म्हटलं, सदक्याचा खरा मान माणसाला, पलीकडं बांधकामावरची मजुरांची पोरं उपाशी असतात, त्यांना रांधून घाला. जास्त सवाब, जास्त पुण्य मिळेल. भाभी भली बाई, तिनं ऐकलं.

आणि नेमक्या त्याच वेळी वळवाचा पाऊस आडवा आला. शिफाचं विमान घरावरून खाली आलं, उतरता उतरता वाऱ्यानं हेलकावलं, आणि वैमानिकानं ते पुन्हा वर उचललं. यात जगावेगळं काही नाही. वैमानिकाला वाटलं की आता उतरणं ठीक नाही, की तो वर जातो, शहाणपणच ते. विमान मुंबईला गेलं, आभाळ निवळल्यावर परत आलं. पण गच्चीवर उभ्या असलेल्या आईनं पाहिलं ते एवढंच, की पोरीचं विमान हाताच्या अंतरावर आलं आणि न उतरताच ढगात नाहीसं झालं. त्या दिवशी तिनं घारींना घातलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून घातलं नव्हतं.

तिच्या पुढच्या फेरीला घारी दुप्पट होत्या.

आमचे साहेब तरुण, सरळ माणूस. मला म्हणाले, "शेखजी, हे आठवडाभरात थांबलं नाही तर मी पोलिसांना लिहिणार. माझ्यासमोर दुसरा मार्ग नाही." त्यांचं चूक नव्हतं. विमानतळाच्या आसपास असं मांस टाकायला कायद्यानं बंदीच आहे. पण मला पुढचं दिसत होतं. विमानात काम करणाऱ्याच्या पासासाठी पोलिसांचा दाखला लागतो. त्या घरावर पोलिसांचा कागद गेला असता तर शिफाच्या नोकरीला डाग लागला असता. ज्या पोरीसाठी आईनं जगाशी वैर घेतलं, तिची नोकरी आईच्याच सदक्यानं गेली असती. मी साहेबांना म्हटलं, "मला एकदा बोलू द्या."

बोलायच्या आधीच व्हायचं ते झालं.

त्या संध्याकाळी मी पश्चिम टोकालाच होतो. बार काढत होतो, काळभोर हॉर्न दाबत होता, घारी पांगत होत्या आणि परत येत होत्या. वायरलेसवरून मी टॉवरला घारींची खबर दिली, पण विमान तोवर जवळजवळ जमिनीवर आलं होतं. एक घार गिरकी घेऊन नेमकी समोर आली. आवाज मोठा नसतो, जाड पुस्तक फरशीवर पडावं एवढाच. विमान सरळ रेषेत उतरलं, थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नाकाला पोचा आला म्हणून ते विमान तिथंच राहिलं, आणि पुढच्या फेरीचे प्रवासी काउंटरवर तावातावानं भांडले. त्यांच्या लेखी ते फक्त उशिरा सुटलेलं विमान होतं.

घार मी उचलली. ते माझंच काम, कुठला पक्षी, काय खाऊन आला होता, ते पाहायचं. तिच्या गळ्याखालच्या पिशवीत बोकडाच्या फुप्फुसाचे तुकडे होते, सुरीनं सारखे कापलेले, जेवणाऱ्याला घास मोठा होऊ नये अशा बेतानं. मी हात धुतले आणि सरळ भाभीकडं गेलो.

शिफा घरी आली होती. गणवेशावरच, केसांच्या पिना काढत बसली होती. विमान बंद पडल्यामुळं तिला अचानक घर मिळालं होतं. भाभीचा चेहरा उजळलेला होता. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "शेखभाई, ऐकलंत का? इमानाला घार धडकली! बगा, पोरीवरची बला घारीनं सोताच्या अंगावर घेतली. माजा सदका कबूल झाला."

मी वाटेत जे जे जुळवून आणलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात गेलं. तिच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब चोख होता.

"कसला सदका, अम्मी?" शिफानं विचारलं.

तिला काहीच माहीत नव्हतं. भाभी सांगायला लागली, कौतुकानं. निघाले म्हणालीस की मी घारींना घालते, तू परतायला निघालीस की पुन्हा घालते, एक पण फेरी चुकवली न्हाई. शिफाच्या हातातली पिन हातातच राहिली. तिनं माझ्या गळ्यातल्या विमानतळाच्या पासाकडं पाहिलं. "एक मिनिट, अंकल. तुम्ही त्यासाठी आलात?"

मी मान हलवली.

मला वाटलं पोरगी चिडेल, रडेल. ती उठली आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "अम्मी, आवाज झाला ना, तेव्हा पहिल्या ओळीतल्या एका आजींनी माझ्याकडं बघितलं. मी हसले. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तेच शिकवतात, काहीही होऊ दे, स्माइल. पण माहितीये मला आतून काय वाटत होतं? मरायची भीती नाही वाटत होती. आपलं घर खालीच आहे, अम्मी गच्चीवर असेल, तिच्या डोळ्यांसमोर काही व्हायला नको. बस, एवढंच."

मग मी सांगितलं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तेवढं सगळं. घारी मांसाला येतात, मांस विमानाच्या वाटेत आहे, आणि विमानाच्या वाटेत पोरगी आहे. शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. आजवर कुणाला काही सांगताना मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

भाभी म्हणाली, "मंग मी काय करू? माज्या हातात दुसरं काय हाय?"

शिफानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. भाभी उठली, मोरीत गेली, मांस कापायची सुरी घासून पुसून फडताळात वरच्या फळीवर ठेवली, आणि माझ्यासाठी चहा टाकला. त्या घरात तोवर माझे बरेच चहा झाले होते. त्या दिवशीच्या चहात साखर नव्हती, मी मागितली नाही.

मांस थांबलं. घारी मात्र काही दिवस येत राहिल्या. तिच्या पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसायच्या, खाली बघायच्या. सवय सुटायला पाखरालाही वेळ लागतो. मग त्याही दिसेनाशा झाल्या. साहेबांना मी सांगितलं, मिटलं. ते म्हणाले, "शाब्बास, शेखजी," आणि दुसऱ्या कामाला लागले. काळभोरनं सगळं श्रेय लिंबू-मिरचीला दिलं.

मला मात्र त्या शाब्बासकीनं बरं वाटेना. नोकरीत मी किती विमानं सुखरूप उतरवायला हातभार लावला, ते कुणी मोजत नाही आणि मोजूही नये. आम्ही काम नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही याची बातमी होत नाही. त्याचा मला तसा अभिमानच आहे. पण ह्या एका ठिकाणी मी विमानाचं भलं केलं आणि एका आईच्या हातातलं काढून घेतलं. तिचं ते करणं चुकीचं होतं हे खरं. तरी तेवढंच तिच्याकडं होतं.

निवृत्त झालो. टर्मिनल नवं झालं, काचेचं, चकचकीत. आता माझ्या जागी पोरं आहेत, त्यांच्याकडं पक्ष्यांना पळवणारी नवी यंत्रं आहेत. कोतवाल त्यांच्यावरही बसत असणार.

मध्यंतरी धानोरीला मेहुणीकडं गेलो होतो, परतताना भाभीकडं डोकावलो. ती गच्चीवर होती, एकटीच, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली. हातात फोन. मी विचारलं, "शिफा कशी आहे?"

"निगालीया. येतच आसंल."

पश्चिमेकडं आभाळात विमानाचे दिवे दिसायला लागले होते. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले. जप नाही, काही नाही.

"आता काय करता, भाभी? अशा वेळी?"

"आता काय करनार," ती म्हणाली. "भिते. आधी घारींना घातलं की सुटत हुते. आता उतरस्तोवर नुसती भीत बसते." मग माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "तुमी काय करत हुता वो, येवडी वर्सं, इमान उतरताना?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, बायकोनं नाही, बायकोच्या मामांनी तर नाहीच. लोक विचारायचे, बंदूक कुठली, फटाके किती. विमान चाकं टेकेपर्यंत जिप्सीत बसलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मीही भीतच होतो, भाभी," मी म्हणालो. "रोज. प्रत्येक विमानाला."

तिनं पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग उठली, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून आपल्या शेजारी ठेवलं, आणि पदरानं त्यावरची धूळ झटकली.

"मंग बसा की," ती म्हणाली. "उतरू दे तिला."